लहान मुलांना वर्गात इंग्रजी बोलायला कसे शिकवावे: पायरीपायरीने मार्गदर्शन

इंग्रजीचा तास बहुतेक वर्गांत मुळाक्षरांनी सुरू होतो. अक्षरांनंतर प्रत्येक अक्षराचा एकेक शब्द, मग प्राण्यांची, रंगांची, अवयवांची नावे आणि चार-दोन कविता असा क्रम ठरून गेलेला असतो. वर्षाच्या शेवटी मुलाला शंभरेक शब्द पाठ असतात आणि कविता खणखणीत म्हणता येते. पण कोणी 'व्हॉट आर यू डुइंग?' असे सहज विचारले की ते गप्प होते. त्याने शब्द सुटेसुटे पाठ केलेले असतात आणि ते वापरून कोणाला काही सांगण्याची वेळ त्याच्यावर वर्षभरात आलेलीच नसते. बोलता येण्यासाठी आधी कळेल असे इंग्रजी भरपूर कानांवर पडावे लागते आणि नंतर बोलण्याचे खरे कारण निर्माण व्हावे लागते. या दोन गोष्टी वर्गात रोज कशा घडवून आणाव्यात, हे येथे क्रमाने मांडले आहे. साधारण पाच ते आठ वर्षांची, घरी मराठी बोलणारी मुले, तीस-चाळीस जणांचा वर्ग आणि इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही असे शिक्षक गृहीत धरले आहेत.

सुरुवातीपूर्वी: शिक्षकांची स्वतःची तयारी

'माझेच इंग्रजी चांगले नाही, मी मुलांना बोलायला काय शिकवणार?' ही शंका अनेक शिक्षकांच्या मनात असते आणि ती प्रामाणिक असते. लहान मुलांच्या वर्गासाठी लागणारे इंग्रजी मर्यादित असते, त्यामुळे या शंकेवर उपाय आहे. वर्गात रोज वापरण्याची तीस-चाळीस वाक्ये निवडावीत, ती कागदावर लिहून काढावीत, जाणकाराकडून एकदा तपासून घ्यावीत आणि आरशासमोर किंवा मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून मोठ्याने म्हणून पाहावीत. 'गुड मॉर्निंग, एव्हरीवन', 'सिट इन अ सर्कल', 'लिसन केअरफुली', 'हू वॉन्ट्स टु ट्राय?', 'वेल डन', 'से इट अगेन', 'पुट युवर थिंग्ज अवे' अशी ही वाक्ये असतात. ती बिनचूक आणि सहज तोंडी येणे एवढीच पहिली अट आहे.

उच्चार परदेशी धाटणीचे करण्याचा प्रयत्न करू नये. ओढूनताणून आणलेली लकब मुले हुबेहूब उचलतात आणि ती स्पष्टही नसते. बोलण्याचा वेग थोडा कमी असावा, पण शब्दांमध्ये कृत्रिम अंतर ठेवून एकेक शब्द तोडून बोलू नये. 'व्हॉट इज युवर नेम' हे चार तुकड्यांत ऐकण्याची सवय झालेल्या मुलाला तेच वाक्य सलग ऐकल्यावर ओळखू येत नाही. वाक्य सलग म्हणावे, त्यानंतर थोडे थांबावे आणि पुन्हा तसेच सलग म्हणावे.

वेळेच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. आठवड्यातून एकदा दीड तास देण्यापेक्षा रोज वीस-पंचवीस मिनिटे देणे कितीतरी अधिक फलदायी ठरते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते की शिकलेले विसरणे सुरुवातीच्या काही तासांत आणि दिवसांत सर्वांत वेगाने घडते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी ते रोखते. वेळापत्रक बदलणे हाती नसेल, तर हजेरीच्या वेळची पाच मिनिटे आणि सुट्टीपूर्वीची पाच मिनिटे तरी इंग्रजीसाठी मिळवावीत.

पहिली पायरी: वर्गाचे नित्यक्रम इंग्रजीत आणणे

वर्गात रोज तीच ती कामे होत असतात. मुले येतात, बसतात, हजेरी होते, वह्या काढल्या जातात, कोणाला पाणी हवे असते, कोणाची पेन्सिल हरवते. या प्रत्येक प्रसंगासाठी एक इंग्रजी वाक्य ठरवून टाकावे आणि दर वेळी नेमके तेच वापरावे. आज 'ओपन युवर बुक्स', उद्या 'टेक आउट युवर बुक्स अँड ओपन देम' असा बदल पहिल्या दोन महिन्यांत करू नये. प्रसंग ओळखीचा असल्यामुळे वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही आणि रोजच्या वापरामुळे ते पाठही करावे लागत नाही.

यातली मुलांच्या बाजूची वाक्ये विशेष महत्त्वाची आहेत, कारण त्यांना खरी गरज चिकटलेली असते. मूल येऊन 'टीचर, पाणी' म्हणाले की आपण हसून 'मे आय ड्रिंक वॉटर, प्लीज?' असे म्हणावे, त्याला ते आपल्यामागून म्हणू द्यावे आणि लगेच परवानगी द्यावी. वाक्य अर्धवट आले तरी पाणी अडवून धरू नये. 'मे आय कम इन?', 'आय डोन्ट हॅव अ पेन्सिल', 'आय हॅव फिनिश्ड', 'कॅन यू हेल्प मी?' आणि 'आय डोन्ट अंडरस्टँड' ही वाक्ये पहिल्या काही आठवड्यांत याच मार्गाने रुजवावीत. शेवटचे वाक्य मुलांना धीर देते. समजले नाही हे इंग्रजीतच सांगता येते आणि सांगितल्यावर मदत मिळते, हे कळल्यावर त्यांची भीती बरीच कमी होते.

दुसरी पायरी: ऐकून कृती करणे

मुलांना बोलायला लावण्याआधी किमान काही आठवडे त्यांना ऐकून कृती करू द्यावी. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' ही पद्धत याच तत्त्वावर उभारली. बाळ मातृभाषा शिकते तेव्हा ते स्वतः बोलू लागण्यापूर्वी कितीतरी महिने 'ये', 'घे', 'बस', 'दाखव' अशा सूचना ऐकून त्याप्रमाणे वागत असते; दुसरी भाषा शिकतानाही हीच वाट उपयोगी पडते, असा त्याचा विचार होता.

पहिल्या दिवशी सहाच क्रियापदे घ्यावीत: 'स्टँड अप', 'सिट डाउन', 'वॉक', 'स्टॉप', 'टर्न अराउंड', 'जम्प'. आधी शिक्षकांनी सूचना देऊन स्वतः मुलांबरोबर कृती करावी. काही वेळाने शिक्षकांनी स्वतः कृती थांबवावी आणि फक्त सूचना द्यावी. मग सूचनांचा क्रम बदलावा, कारण क्रम तोच राहिला तर मुले शब्द न ऐकता सवयीनेच कृती करू लागतात. यानंतरचा भाग बरेचदा राहून जातो, आणि तोच या पद्धतीचा गाभा आहे: मुलांनी पूर्वी कधीही न ऐकलेली, पण ओळखीच्या शब्दांतूनच तयार झालेली सूचना द्यावी. 'वॉक टु द डोअर' आणि 'टच द टेबल' येत असेल, तर 'वॉक टु द टेबल अँड टच द डोअर' म्हणून पाहावे. मुले क्षणभर थबकतात, विचार करतात आणि हसतात; त्या थबकण्यातच त्यांचे आकलन घडत असते.

दोन-तीन आठवड्यांत 'पुट द रेड पेन्सिल अंडर द बुक' किंवा 'गिव्ह युवर नोटबुक टु अ फ्रेंड अँड से थँक यू' इथपर्यंत पोहोचता येते. रंग, वस्तू, संख्या, स्थान दाखवणारे शब्द, सारे या सूचनांतूनच येतात आणि त्यांची वेगळी यादी पाठ करून घ्यावी लागत नाही. मग एखादे मूल आपणहून पुढे येऊन सूचना देऊ पाहते. त्याला शिक्षकांची जागा द्यावी.

या काळात काही मुले एक शब्दही बोलणार नाहीत. दुसरी भाषा शिकताना असा मौनाचा काळ अनेक मुलांमध्ये दिसतो आणि तो कोणाचा काही आठवड्यांचा, तर कोणाचा काही महिन्यांचा असतो. मूल सूचनेप्रमाणे योग्य कृती करत असेल, चित्रावर बरोबर बोट ठेवत असेल, तर त्याचे शिकणे चालू आहे असे समजावे. अशा मुलाला उभे करून 'बोल ना, बोल' असा आग्रह धरल्यास त्याचे मौन आणखी लांबते. मात्र सूचनांप्रमाणे कृतीही होत नसेल आणि मराठीतल्या बोलण्याकडेही लक्ष जात नसेल, तर ऐकण्याची अडचण आहे का हे पालकांशी बोलून तपासून घ्यायला हवे.

तिसरी पायरी: शब्दांऐवजी वाक्यांचे साचे

नवा शब्द कधीही एकटा देऊ नये. 'बॉल' हा शब्द शिकवायचा असेल तर 'आय हॅव अ बॉल', 'धिस इज माय बॉल', 'व्हेअर इज द बॉल?' अशा वाक्यांतून तो यावा. मूल पूर्ण वाक्याचा तुकडा जसाच्या तसा उचलते, त्यातील एकच जागा बदलून नवे वाक्य बनवते आणि व्याकरणाचा नियम न सांगताही त्याच्या तोंडी योग्य रचना बसते. पहिल्या वर्षासाठी आठ-दहा साचे पुरतात: 'धिस इज...', 'आय हॅव...', 'आय लाइक...', 'आय कॅन...', 'आय वॉन्ट...', 'देअर इज...', 'ही इज...', 'शी इज...' आणि यांचेच प्रश्न व नकार. आठवड्याला एक साचा आणि सहा ते आठ नवे शब्द यापेक्षा जास्त घेण्याचा मोह टाळावा.

मराठी मुलांच्या बाबतीत हे साचे आणखी एका कारणासाठी उपयोगी पडतात. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, 'ही माझी मैत्रीण' हे वाक्य 'आहे' शिवायही पूर्ण होते आणि 'अ', 'अ‍ॅन', 'द' यांच्यासारखे काही नसते. म्हणून मूल मनात मराठी वाक्य जुळवून शब्दाला शब्द ठेवू लागले की 'शी माय फ्रेंड', 'धिस इज बुक', 'आय वॉटर ड्रिंक' अशी वाक्ये तयार होतात. तयार साचा जिभेवर असलेले मूल असे भाषांतर करत बसत नाही.

साचा तोंडी बसवण्यासाठी प्रश्नांची चढण वापरावी. समजा, पळणाऱ्या मांजराचे चित्र समोर आहे. सर्वांत सोपा प्रश्न 'शो मी द कॅट' हा, ज्याचे उत्तर बोटाने देता येते. त्यानंतर 'इज धिस अ कॅट?', ज्याला 'येस' एवढे पुरते. मग 'इज इट अ कॅट ऑर अ डॉग?', ज्यात उत्तराचा शब्द प्रश्नातच दडलेला असतो. त्यानंतर 'व्हॉट इज इट?' आणि 'व्हॉट इज इट डुइंग?', आणि सर्वांत शेवटी 'व्हाय इज द कॅट रनिंग?' असा मोकळा प्रश्न, ज्याला एकच बरोबर उत्तर नसते. एकाच चित्रावर, एकाच वर्गात, कोणत्या मुलाला कोणत्या पायरीवरचा प्रश्न विचारायचा हे शिक्षकांनी ठरवायचे असते. बुजऱ्या मुलाला दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरचा प्रश्न मिळाला, तर तेही चारचौघांत यशस्वी होते, आणि भराभर पुढे जाणारे मूल शेवटच्या प्रश्नावर गुंतून राहते. पुढच्या आठवड्यात त्या बुजऱ्या मुलाला एक पायरी वरचा प्रश्न द्यावा.

प्रश्न विचारल्यानंतर थांबावे. मेरी बड रो या संशोधिकेने 1970 च्या दशकात अमेरिकेतील प्राथमिक शाळांमधील विज्ञानाचे वर्ग अभ्यासले, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे तिला आढळले. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरे लांब झाली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. ती मुले स्वतःच्या भाषेत उत्तरे देत होती. परक्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्या मुलाला त्याहून अधिक वेळ लागणार हे उघड आहे. मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे मोजावेत आणि तोपर्यंत स्वतः उत्तर सांगू नये किंवा दुसऱ्या मुलाकडे वळू नये.

सराव कसा घ्यावा

नवे वाक्य आधी सगळ्या वर्गाने एकत्र, मग अर्ध्या-अर्ध्या वर्गाने, मग रांगेने, मग जोडीने आणि शेवटी एकट्याने म्हणावे. समूहात आवाज लपतो, त्यामुळे बुजरे मूलही तोंड उघडते. वाक्य लांब असेल तर ते शेवटाकडून जोडत आणावे: 'प्लीज', 'वॉटर, प्लीज', 'ड्रिंक वॉटर, प्लीज', 'मे आय ड्रिंक वॉटर, प्लीज?' सुरुवातीकडून जोडत नेल्यास मुले पहिले दोन शब्द ठासून म्हणतात आणि शेवट पुटपुटतात. शेवटाकडून आल्यास वाक्याची चाल शाबूत राहते. हळू आवाजात, मोठ्या आवाजात, राक्षसाच्या आवाजात, झोपाळू आवाजात अशी गंमत करून सराव रंगवता येतो. तरीही हा सराव दोन-तीन मिनिटांहून जास्त चालू नये. त्यापुढे मुले अर्थ विसरून नुसते आवाज काढू लागतात.

चौथी पायरी: बोलण्याचे कारण निर्माण करणे

शिक्षक हातात पेन्सिल धरून 'व्हॉट इज धिस?' असे विचारतात, तेव्हा ती पेन्सिल आहे हे त्यांनाही दिसत असते आणि मुलालाही. त्या उत्तरातून कोणालाच काही नवे कळत नाही. तीच पेन्सिल पिशवीत लपवून, मुलाला बाहेरून चाचपायला देऊन तोच प्रश्न विचारला, की उत्तराला अर्थ येतो. एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला माहीत नाही, अशी स्थिती घडवणे हे बोलण्याच्या उपक्रमांचे मर्म आहे. खेळ कितीही आकर्षक असला तरी ही स्थिती त्यात नसेल, तर तो नुसताच सराव ठरतो.

अशा उपक्रमांसाठी महाग साहित्य लागत नाही. एक मूल चित्र पाठीमागे लपवते आणि बाकीची मुले 'इज इट अ बर्ड?', 'इज इट बिग?', 'कॅन इट फ्लाय?' असे विचारत ते ओळखतात. जोडीतील दोघांकडे जवळजवळ सारखी, पण चार-पाच ठिकाणी वेगळी चित्रे द्यावीत आणि मध्ये वही उभी धरून एकमेकांचे चित्र न पाहता फरक शोधायला सांगावेत. 'आय हॅव टू ट्रीज', 'आय हॅव थ्री ट्रीज' असे बोलल्याशिवाय फरक सापडत नाही. एकाने सांगावे आणि दुसऱ्याने ऐकून चित्र काढावे, हाही फार चांगला उपक्रम आहे, कारण सांगणे नीट झाले का हे चित्रच दाखवते. वर्गात हिंडून 'डू यू लाइक रेड?' असे विचारत प्रत्येक रंग किती जणांना आवडतो याची नोंद करायला मुलांना मनापासून आवडते. एकच प्रश्न दहा-पंधरा वेळा विचारूनही त्यांना कंटाळा येत नाही, कारण दर वेळी उत्तर नवे असते.

जोडीने काम घेण्याला पर्याय नाही आणि हे साध्या गणितातून पटते. चाळीस मुलांच्या वर्गात वीस मिनिटांत एकेकाला उभे करून बोलते केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिट येते आणि उरलेली साडेएकोणीस मिनिटे ते गप्प बसते. तीच मुले जोडीने पाच मिनिटे बोलली, तर प्रत्येकाला सुमारे अडीच मिनिटे बोलायला मिळतात. यात वर्गात कलकलाट होणारच. तो इंग्रजीचा असेल तर तो सहन करावा आणि शेजारच्या वर्गातील शिक्षकांना आधी कल्पना द्यावी. थांबण्यासाठी एक ठरलेली खूण असावी. शिक्षकांनी हात वर केला की पाहणाऱ्या प्रत्येकाने हात वर करून गप्प व्हायचे, ही खूण ओरडण्यापेक्षा लवकर काम करते. जोडीकाम पहिल्यांदा घेताना दोन मुलांना पुढे बोलावून सगळ्यांना ते करून दाखवावे, नाहीतर निम्मा वेळ नियम समजावण्यातच जातो.

गोष्टी आणि गाणी

गोष्ट निवडताना तीत पुन्हा पुन्हा येणारे वाक्य आहे का, हे आधी पाहावे. अशी गोष्ट शिक्षकांना स्वतःही रचता येते. एका मुंगीला ओढा ओलांडायचा आहे. ती हत्तीला, माकडाला, घोड्याला विचारते, 'कॅन यू हेल्प मी?' आणि प्रत्येक जण म्हणतो, 'सॉरी, आय अ‍ॅम बिझी.' शेवटी झाडावरचे एक पान म्हणते, 'येस, आय कॅन!' एवढ्या लहान गोष्टीत मदत मागणे, नकार देणे आणि होकार देणे तिन्ही येते. पहिल्या दिवशी चित्रे आणि हावभाव यांच्या साहाय्याने ती नुसती सांगावी. दुसऱ्या दिवशी सांगताना 'कॅन यू...' इथे थांबावे, की मुले वाक्य पुरे करतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलांनी ती वठवावी, आणि त्यानंतर मुंगीच्या वाटेत आणखी एखादा प्राणी मुलांकडूनच घालून घ्यावा. गोष्ट सांगताना प्रत्येक वाक्याचे मराठी सांगू नये. हत्तीचे चित्र, मान हलवणे आणि चेहऱ्यावरची नाराजी यांतून अर्थ पोहोचतो, आणि तो स्वतः लावण्यात मुलांना जो आनंद मिळतो तो भाषांतराने हिरावला जातो.

गाण्यांमुळे लय आणि उच्चार सुधारतात, परंतु मूल गाणे म्हणते म्हणजे ते बोलू लागले, असा समज करून घेऊ नये. गाण्यातले एक वाक्य बाहेर काढून त्याच आठवड्यात बोलण्यात वापरले, तरच गाण्याचा बोलण्याला उपयोग होतो.

उच्चारांकडे किती लक्ष द्यावे

इंग्रजीच्या प्रमाण ब्रिटिश उच्चारणात साधारण 44 ध्वनी मानले जातात आणि त्यांपैकी 20 स्वर असतात. ते सारे शिकवत बसण्याची गरज नाही. मराठी मुलांचे ज्यामुळे अर्थाचे घोटाळे होतात, असे मोजके ध्वनी निवडावेत. 'शिप' आणि 'शीप' यांतला फरक त्यांपैकी एक आहे, कारण रोजच्या मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने अर्थ फारसा बिघडत नाही आणि मुलांचे कान तिकडे नसतात. भिंतीच्या एका बाजूला जहाजाचे आणि दुसऱ्या बाजूला मेंढीचे चित्र लावून, शब्द ऐकून त्या बाजूला धावण्याचा खेळ घ्यावा. कानाला फरक कळल्यावर जीभ वळते. कानाला कळण्याआधी जिभेकडून अपेक्षा ठेवू नये. 'वेट' आणि 'व्हेट' यांच्या आरंभीचे दोन ध्वनी हे दुसरे उदाहरण. पहिल्यात ओठ गोल होतात, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, आणि हे आरशात पाहून मुलांना लगेच जमते. 'थिंक', 'थ्री' यांमधील ध्वनी मात्र जीभ दातांमध्ये आणून काढावा लागतो. तो या वयात नीट जमला नाही तरी आडून बसू नये.

ध्वनींइतकाच आघातही महत्त्वाचा आहे. मराठीत शब्दातील अक्षरांवर साधारण सारखा भार पडतो, इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची अक्षरे हलकी होतात. 'टोमॅटो', 'कॉम्प्युटर', 'एलिफंट' हे शब्द टाळी वाजवत म्हणावेत आणि जोराच्या अक्षरावर मोठी टाळी द्यावी. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून मुलांकडून वाचून घेण्याची सवय टाळावी, कारण लिहिलेले अक्षर डोळ्यांसमोर आले की कानाने ऐकलेला उच्चार मागे पडतो.

चुका कधी आणि कशा सुधाराव्यात

मूल स्वतःहून काही सांगत असताना त्याला मध्ये थांबवून चूक दाखवू नये. 'येस्टर्डे आय गो माय अंकल हाउस' असे ते उत्साहाने म्हणाले, तर आधी त्याच्या सांगण्याला प्रतिसाद द्यावा: 'ओह, यू वेन्ट टु युवर अंकल्स हाउस! डिड यू प्ले देअर?' यात बरोबर वाक्य त्याच्या कानांवर पडते आणि संभाषणही चालू राहते.

केवळ एवढ्यावर विसंबून मात्र चालत नाही. रॉय लिस्टर आणि लैला रान्टा यांनी 1997 मध्ये कॅनडातील प्राथमिक शाळांच्या फ्रेंच माध्यमातील वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षक सर्वाधिक वेळा अशीच सहज दुरुस्ती करतात, पण मुले तिच्यामुळे स्वतःची चूक स्वतः सुधारण्याचे प्रमाण कमी असते, असे त्यांना आढळले. मुलाला वाटते की शिक्षक आपल्या म्हणण्याला दुजोराच देत आहेत. म्हणून त्या आठवड्यात शिकवलेल्या साच्यातच चूक झाली, तर मुलाला इशारा देऊन ती त्याच्याकडूनच सुधारून घ्यावी. 'शी... माय फ्रेंड?' असे म्हणून रिकाम्या जागी एक बोट वर करावे, म्हणजे तिथे एक शब्द हवा आहे हे त्याला कळते. अजून न शिकवलेल्या रचनेतील चूक सोडून द्यावी. पाच-सहा मुलांची तीच चूक दिसली, तर ती कोणाचेही नाव न घेता दुसऱ्या दिवशीच्या सरावात घ्यावी. चुकणाऱ्याला हसणाऱ्या मुलांना मात्र पहिल्याच दिवसापासून ठामपणे आवरावे. एकदा वर्ग हसला, की ते मूल पुन्हा तोंड उघडायला महिना लावते.

मराठीचे स्थान

वर्गात मराठी बोलल्यास दंड किंवा शिक्षा करणे मला सर्वथा अयोग्य वाटते. त्याने मुले इंग्रजी बोलू लागत नाहीत. ती बोलणेच थांबवतात, आणि आपल्या घरची भाषा कमी प्रतीची आहे असा समज त्यांच्या मनात घर करतो. खेळाचे गुंतागुंतीचे नियम दोन वाक्यांत मराठीत सांगून टाकावेत, रडणाऱ्या मुलाची समजूत मराठीतच घालावी, आणि मूल मराठीत काही सांगू लागले तर ते ऐकून घेऊन त्यातला थोडा भाग इंग्रजीत त्याच्या तोंडी द्यावा.

टाळायची आहे ती वेगळीच सवय: प्रत्येक इंग्रजी वाक्यामागे लगेच त्याचे मराठी सांगणे. 'ओपन द विंडो, खिडकी उघडा' असे रोज ऐकणाऱ्या मुलाला इंग्रजी भाग ऐकण्याचे कारणच उरत नाही. तो संपण्याची ते वाट पाहते. इंग्रजीत सांगावे, हाताने दाखवावे, पुन्हा इंग्रजीत सांगावे, आणि तरीही न कळल्यास एखाद्या मुलाला विचारावे, 'मी काय म्हटले असेल?' बहुतेक वेळा वर्गातले कोणीतरी ते मराठीत सांगते, आणि ते त्याने स्वतः उलगडलेले असते.

एका तासाची आखणी

पंचवीस मिनिटांच्या तासाची सुरुवात दोन-तीन मिनिटांच्या ठरलेल्या अभिवादनाने आणि गाण्याने करावी. पुढची पाच मिनिटे कालच्या आणि गेल्या आठवड्याच्या वाक्यांची उजळणी कृतींमधून व्हावी. त्यानंतर पाच मिनिटांत वस्तू किंवा चित्रांच्या आधारे नवे शब्द साच्यातून द्यावेत आणि दोन-तीन मिनिटे समूहाने सराव घ्यावा. उरलेल्यातील सर्वांत मोठा वाटा, म्हणजे सात-आठ मिनिटे, जोडीकामाला किंवा खेळाला ठेवावा आणि शेवट गोष्टीच्या एखाद्या तुकड्याने करावा. वेळ कमी पडला तर नवे शब्द कमी करावेत. जोडीकाम कापू नये. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी नवे काहीच न घेता मुलांना आवडलेले दोन-तीन खेळ पुन्हा घ्यावेत.

वाचन-लेखन कधी आणायचे, हा प्रश्न येथे येतोच. जे शब्द आणि वाक्ये मुलांच्या तोंडी बसली आहेत, तीच आधी वाचायला द्यावीत. न कळणारे वाक्य अक्षरे जुळवून वाचून दाखवणे हे वाचन नसते.

प्रगतीची नोंद आणि पालक

बोलण्याची परीक्षा लेखी घेता येत नाही आणि चाळीस मुलांची तोंडी परीक्षा एका दिवसात घेणेही शक्य नसते. त्यापेक्षा एका वहीत प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवावे आणि रोज जोडीकामाच्या वेळी फक्त दोन-तीन मुलांजवळ उभे राहून ऐकावे. साधारण तीन आठवड्यांत सगळा वर्ग एकदा ऐकून होतो. चार गोष्टी लिहाव्यात: सूचना समजते का, उत्तर शब्दात देते की वाक्यात, शिकवलेला साचा नव्या ठिकाणी वापरते का, आणि कोणी न विचारता आपणहून काही बोलते का. शेवटची गोष्ट दिसू लागली की मूल योग्य वाटेवर आहे, मग त्याच्या वाक्यांत कितीही चुका असोत. पालकांच्या परवानगीने दर दोन महिन्यांनी मिनिटभराचे ध्वनिमुद्रण ठेवता आले, तर फरक कानांनीच ऐकता येतो. या नोंदींवरून मुलांना क्रमांक देऊ नयेत.

पालक बहुधा वहीत काय लिहिले आहे ते पाहतात आणि वही रिकामी दिसली की अस्वस्थ होतात. म्हणून वर्षाच्या सुरुवातीच्या सभेतच त्यांना वर्गातला एखादा खेळ प्रत्यक्ष दाखवावा आणि पहिले काही महिने वहीत थोडेच का दिसेल हे सांगावे. घरी इंग्रजी येत नसले तरी त्यांना करण्यासारखे काम असते: मुलाने वर्गातली गोष्ट हावभाव करत सांगावी आणि त्यांनी ती ऐकावी, किंवा मुलाने इंग्रजीत सूचना द्याव्यात आणि घरच्यांनी त्या पाळून दाखवाव्यात. चारचौघांत उभे करून 'इंग्रजीत काहीतरी बोलून दाखव' असे मात्र त्यांनी मुलाला सांगू नये, कारण तिथे त्याला कोणाला काही सांगायचे नसते आणि बहुतेक मुले नेमकी तिथेच अडतात.